हिरव्यावर थांबा

जगातले सगळे रस्ते चुकीच्या जागी बांधले गेले आहेत आणि ते उचलून योग्य जागी ठेवण्याची जबाबदारी परमेश्वराने आपल्या एकट्यावर टाकली आहे, असे मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. लग्नापूर्वी मला याची कल्पना नव्हती असे मी पुष्कळ वर्षे लोकांना सांगत आलो, पण ते खरे नाही. मुलगी पाहायला गेलो त्या दिवशी त्यांच्या अंगणात शिरताच मला जमिनीवर चुन्याने काढलेला एक भला मोठा बाण दिसला. मी त्याला रांगोळी समजलो आणि पाय पडू नये म्हणून बाजूने निघालो. तेवढ्यात घरातून खणखणीत आवाज आला, "पाहुणे, तिकून नोका येऊ! तो जायचा रस्ता हाये. बाणानं या, बाणानं!" मी मुकाट्याने मागे फिरलो, बाणाने आलो, पोहे खाल्ले, आणि दुसऱ्या बाणाने बाहेर पडलो. सुमनचा चेहरा त्या दिवशी मी नीट पाहिलाच नाही. होकार दिला तो बहुधा त्या आवाजाला दिला असावा.

मामाजी (आमच्याकडे जावई सासऱ्याला मामाजीच म्हणतो) वर्धेच्या बाहेर असलेल्या एका कॉलेजात बांधकामाचे ओवरसियर होते, आणि मी त्याच कॉलेजात गणित शिकवत असे. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. कॉलेजची जमीन अफाट आणि इमारती मोजक्या. बाकी सगळीकडे मुरूम, गिट्टीचे ढीग, विटांच्या थप्प्या आणि त्यांच्यातून वाट काढत तासाला धावणारी मुले. हे कॉलेज एक दिवस विद्यापीठ होणार, अशी एक अफवा होती. दर उन्हाळ्यात ती धुळीसारखी उठे आणि पाऊस सुरू झाला की धुळीसारखीच बसून जाई. आम्ही कोणी ती मनावर घेत नव्हतो. मामाजींनी मात्र ती पार पायाच्या खड्ड्यापासून मनावर घेतली होती. ते कॉलेजला कॉलेज कधी म्हणालेच नाहीत. "जरा युनिव्हर्सिटीत जाऊन येतो," असे सांगून घरातून निघत, आणि क्वार्टर आवारातच असल्यामुळे पायरी उतरताच युनिव्हर्सिटीत पोचत. अंगात खाकी पँट, वर पांढरा सदरा, उन्हापासून डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा आणि खांद्याला चुन्याची पिशवी. दुसऱ्यांचे सासरे देवळात जाताना फुले नेतात; माझे सासरे कुठेही जाताना चुना नेत. रस्त्यात काही चुकीचे दिसले की पिशवीत हात घालून तिथल्या तिथे एक रेघ मारून टाकत. मारुतीच्या देवळासमोर चपलांची फार गर्दी होते म्हणून त्यांनी तिथेसुद्धा दोन रेघा ओढल्या होत्या. एक येणाऱ्या चपलांची आणि एक जाणाऱ्या चपलांची.

ग्रंथालयासमोरचा रस्ता त्यांनी इतका रुंद केला होता की दोन एसटी शेजारून गेल्या असत्या आणि मध्ये एखादी म्हैस निवांत बसली असती. प्रत्यक्षात त्यावरून सायकली जात, आणि दिवसातून दोनदा प्राचार्यांची जुनी अँबेसेडर. एवढा रस्ता कशाला, असे मी एकदा भीत भीत विचारले. मामाजींनी माझ्याकडे दयेने पाहिले. "जवाईबापू, तुमी आजचा ट्राफिक पाहून राह्यले. मी पन्नास वर्षांनंतरचा पाहून राह्यलो." एवढे बोलून त्यांनी त्या रिकाम्या रस्त्याकडे डोळे बारीक केले आणि खरोखर एखादे वाहन अंगावर येत असावे तसे एक पाऊल मागे सरकले. मला काय वाटले कोण जाणे, मीही सरकलो. मग घरी येऊन सुमनला ते करून दाखवले आणि आम्ही दोघे हसलो. हसल्याबद्दल मला नंतर वाईट वाटले. माझे आयुष्यभर हे असेच चालले आहे. आधी हसायचे आणि मग ते हसू पोटात टोचत बसायचे. मामाजींनी मला दोन्हींची भरपूर संधी दिली.

आमच्या लग्नातली वाहतूक अजून नातेवाइकांत सांगतात. मांडवात मुलाकडचे आणि मुलीकडचे एकमेकांत मिसळून गोंधळ होतो, असे मामाजींचे निरीक्षण होते. म्हणून त्यांनी आदल्या दिवशी साऱ्या पटांगणात चुन्याचे बाण काढले. वरात कुठून येईल, पंगत कुठून उठेल, हात धुवायला कुठून जायचे आणि अहेर घेऊन कुठून यायचे, सगळे एकेरी. माझी वरात वाजतगाजत आली, बँडवाल्याने पहिला बाण पकडला, मग दुसरा, मग तिसरा, आणि सारी वरात मांडवाला एक प्रदक्षिणा घालून मागच्या गोठ्यासमोर जाऊन उभी राहिली. एका गाईने माझ्या मुंडावळ्या चघळायला घेतल्या. माझे थोरले काका संतापले, "हे काय चाललं आहे?" मामाजी धावत आले. घाम पुसत त्यांनी बाण तपासले आणि म्हणाले, "चूक बँडवाल्याची हाये. तो पंगतीच्या रस्त्यानं आला. आता मागं वळता येत नाई, वनवे हाये. एक चक्कर अजून मारा." आणि आम्ही मारली! बँडवाल्याने तेच गाणे पुन्हा पहिल्यापासून वाजवले. मुहूर्त थोडक्यात वाचला.

त्यांच्या बांधकामांचेही असेच. वसतिगृहाच्या रस्त्यावर त्यांनी एक सुंदर दगडी पूल बांधला. कमान वगैरे असलेला. त्याखाली नाला नव्हता. "नाला येईन," ते म्हणाले. आणि खरोखर पुढच्याच पावसाळ्यात त्यांच्याच नव्या रस्त्यांवरचे सारे पाणी वाहत येऊन पुलाखालून जाऊ लागले. मामाजी दोन दिवस पुलावर छत्री धरून उभे होते. येणाऱ्याजाणाऱ्याला नाला दाखवत होते, बारशाला बाळ दाखवावे तसे. त्यानंतर त्यांनी ग्रंथालयासमोर गतिरोधक बांधला. सायकलींचा वेग फार वाढला आहे, अशी त्यांची तक्रार होती. तो गतिरोधक असा काही उंच झाला की प्राचार्यांची अँबेसेडर त्याच्यावर पोट टेकून बसली. पुढची चाके हवेत, मागची चाके हवेत, आणि आत प्राचार्य, वरखाली डुलत. मामाजींनी सारे पाहिले आणि समाधानाने मान हलवली. "पायलं? पूर्ण स्पीड ब्रेक झाली." त्या दिवशी स्टाफरूममध्ये एका नव्या प्राध्यापकाने मला विचारले, हे ओवरसियर तुमचे कोण? मी म्हणालो, लांबचे नातेवाईक. संध्याकाळी जेवताना त्यांनी आपल्या ताटातली कुरडई उचलून माझ्या ताटात वाढली आणि मी मान खाली घालून ती खाल्ली.

असे सगळे सुखात चालले असताना मामाजी सिमेंटच्या कामासाठी नागपूरला गेले आणि तिथे सीताबर्डीच्या चौकात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाहतुकीचा दिवा पाहिला. लाल लागला, सारे थांबले. हिरवा लागला, सारे निघाले. कोणी ओरडले नाही, कोणी शिवी दिली नाही, कोणाला रेघ मारावी लागली नाही. मामाजी सिमेंट विसरले. हिरवा लागला की ते रस्ता ओलांडत, लाल लागला की थांबत, पुन्हा हिरवा लागला की परत येत. सारी दुपार त्यांचे हेच चालले. शेवटी चौकातल्या पोलिसाला दया आली. "काकाजी, घर भुलले का?" त्याने विचारले. मामाजी म्हणाले, "नाई बाप्पा. सापडलं."

संध्याकाळच्या गाडीने ते परत आले तेव्हा त्यांच्या दुपट्ट्यात रंगीत काचा गुंडाळलेल्या होत्या. मामीजी, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातच उभ्या होत्या. "काऊन जी, शिमिट कुठं हाये?"

"शिमिट कधी बी भेटते. हे पाय!" असे म्हणून मामाजींनी हिरवी काच डोळ्यांसमोर धरली आणि तिच्यातून मामीजींकडे पाहिले. मामीजी लाजल्या. त्या वयात त्यांना लाजताना मी तेवढे एकदाच पाहिले.

कॉलेजच्या गेटसमोर दोन रस्ते एकमेकांना छेदत. एक कॉलेजातून शहरात जाणारा. त्यावर सायकली, रिक्षा, एखादी एसटी. दुसरा खेड्यांकडून येऊन कापसाच्या बाजाराकडे जाणारा, त्यावर बैलबंड्या. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की कापसाने शिगोशीग भरलेल्या बंड्यांची रांग पहाटेपासून लागे, आणि सकाळच्या तासाला निघालेली मुले त्यांच्यातून सायकली घुसवत. दर हंगामात दोनचार मुले कापसात पडत. मामाजींनी प्राचार्यांच्या टेबलावर काचा ठेवल्या आणि या चौकात दिवा हवा म्हणून सांगितले. प्राचार्य गतिरोधक विसरले नव्हते. खूप विनवण्यांनंतर ते म्हणाले, "लावा. पण एकदा जरी घोटाळा झाला तर दिवा खाली. आणि त्यानंतर मला काही नवीन सुचवायचं नाही." मामाजींची निवृत्ती जवळ आली होती. घरी परतताना ते मला म्हणाले, "जवाईबापू, जिंदगीभर दुसऱ्याच्या नकाशावर भिंती उभ्या केल्या. हे एक काम माहं हाये. हे राह्यलं पायजे." एवढे हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

सेंट्रिंगच्या फळ्यांची पेटी झाली, तुपाच्या डब्यांच्या पत्र्याची दिव्यांवर झापडे झाली, आत बल्ब बसले. पिवळी काच वाटेत फुटली होती, म्हणून तिथे पतंगाचा पिवळा कागद लागला. मुले त्याला "हळद लागली" म्हणू लागली. कोपऱ्यावर एक टपरी उभी राहिली आणि तिच्यात बटणे दाबायला दौलत चौकीदार बसला. पहिल्या दिवशी पहाटे आम्ही सगळे हजर होतो. मामीजींनी खांबाला हळदकुंकू लावले. प्राचार्य शाल पांघरून आले. बंड्यांची रांग दिसू लागली आणि मामाजी ओरडले, "दौलत, लाल!"

लाल लागला. बंड्या थांबल्या नाहीत. पहिली आली, दुसरी आली, तिसऱ्या बंडीवरच्या गाडीवानाने तर लाल दिवा पाहून बैलांची शेपटी पिरगाळली आणि चाल वाढवली. कॉलेजच्या बाजूला हिरवा होता, म्हणून मुले सुटली. चौकात एकच गर्दी झाली. मामाजी मध्ये उभे राहून दोन्ही हात पसरून ओरडू लागले. "दौलत, बदल! बदल!" दौलतने बदलले. बंड्यांना हिरवा लागला, आणि काय आश्चर्य! सगळ्या बंड्या जागच्या जागी थांबल्या. नुसत्या थांबल्या नाहीत; गाडीवान खाली उतरले, जुवाशी टेकले आणि त्यांनी बिड्या पेटवल्या. सर्वांत पुढे उकंडा नावाचा एक म्हातारा गाडीवान होता. मामाजी त्याच्यावर धावून गेले.

"काऊन थांबला बे? हिरवा दिसून नाई राह्यला?"

"दिसून राह्यला ना जी. म्हनून तं थांबलो."

"मंग जा ना!"

उकंडाने मामाजींकडे वेड्याकडे पाहावे तसे पाहिले, मग डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. "आनं गाडी आली म्हंजे?"

"कोणची गाडी?"

"मले काय मालूम कोणची? पॅशिंजर असन."

प्राचार्यांनी शाल घट्ट केली. "आठ दिवस," ते म्हणाले. "आठ दिवसांत हे सरळ करा, नाहीतर पेटी काढा." आणि निघून गेले. मुले पोट धरून हसत होती. मीही हसत होतो, हे लपवून उपयोग नाही. मामाजी मात्र हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "पॅशिंजर," एवढाच शब्द ते पुटपुटले, आणि बंड्या ज्या बाजूने आल्या होत्या त्या बाजूला तरातरा चालू लागले. मी मागे धावलो.

थोड्याच अंतरावर रेल्वेचे फाटक होते. खेड्यांकडून येणाऱ्या प्रत्येक बंडीला ते ओलांडावेच लागे. मामाजी तिथल्या दगडावर बसले. फाटकाशेजारी रेल्वेचा सिग्नल होता. पहाटेच्या अंधुक उजेडात त्याचा वरखाली होणारा हात दिसत नव्हता, नुसता दिवा दिसत होता, लाल. फाटक उघडे होते आणि बंड्या बिनघोर रूळ ओलांडून येत होत्या. मग फाटकवाल्याने फाटक लावले, थोड्या वेळाने तो दिवा हिरवा झाला, बंड्या थांबल्या, गाडीवान खाली उतरले, बिड्या पेटल्या, आणि धडधडत आगगाडी निघून गेली. दिवा पुन्हा लाल झाला, फाटक उघडले, बंड्या निघाल्या. लहानपणी बापाशेजारी बंडीवर बसल्यापासून या माणसांनी दुसरा दिवा पाहिलाच नव्हता. दिवा हिरवा म्हणजे गाडी येणार, आपण थांबायचे. दिवा लाल म्हणजे गाडी नाही, आपण जायचे.

मामाजी कितीतरी वेळ मांडीवर थाप मारून हसत राहिले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. "जवाईबापू, हे तं माह्यापेक्षा पयले शिकेल हायेत! यायले कोण शिकवन आता?"

दोन दिवस ते घरात चुन्याने भिंतीवर काही काही काढत होते. मामीजी पुसत होत्या, ते पुन्हा काढत होते. तिसऱ्या दिवशी मोठ्याने "बस्स!" असे ओरडून ते चौकात गेले, पेटी उतरवली आणि बंड्यांच्या बाजूच्या लाल आणि हिरव्या काचांची अदलाबदल केली. म्हणजे आता चारही बाजूंना एकाच वेळी एकच रंग दिसे. हिरवा लागला की कॉलेजच्या रस्त्याची मुले निघत आणि बंड्या थांबत. लाल लागला की मुले थांबत आणि बंड्या निघत. बंड्यांच्या बाजूला मामाजींनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी ठोकली: "हिरव्यावर थांबा". गणिताचा माणूस म्हणून मला ती रचना इतकी सुंदर वाटली की मी त्यांना तसे म्हणालो. माझ्याकडून मिळालेली ती त्यांना पहिलीच दाद असावी. ते इतके खूश झाले की मला चौकात उभे करून त्यांनी पुन्हा पुन्हा लाल-हिरवा करून दाखवला. "आनं वायर बी कमी लागली," ते म्हणाले.

दिवा चालला. तो हंगाम चालला, पुढचाही चालला. मुले कापसात पडायची थांबली. बाजाराच्या रस्त्याने येणारे मोजके ट्रकवाले गावचेच होते, तेही शिकले. उकंडा येताजाता टपरीकडे पाहून हात वर करी आणि मामाजी आत बसलेले असले तर दिवा एकदा उगाच लुकलुकवत. प्राचार्य एकदा स्वतः येऊन पाहून गेले आणि काही न बोलता गेले, आणि मामाजींनी तो मोठा सन्मान मानला.

आणि मग खरोखरच पत्र आले. विद्यापीठासाठी जागा पाहायला नागपूरहून एक समिती येणार होती! अफवा इतकी वर्षे मामाजींनी एकट्याने सांभाळली होती. ती शेवटी जीपमध्ये बसून येत होती. साऱ्या आवारात चुना पडला. पूल धुतला. गतिरोधक घासून कमी केला. मामाजींनी लग्नातला कोट घातला आणि गेटपाशी उभे राहिले. समिती शहराकडून येईल असा सर्वांचा समज होता. पण समितीला आधी खेड्यांकडची एक जमीन पाहायची होती, त्यामुळे ती आली बाजाराच्या रस्त्याने, फाटकावरून, बंड्यांच्या मागोमाग. दिवा हिरवा होता. बंड्या थांबल्या होत्या. सर्वांत पुढे, नशिबाने म्हणा, उकंडाच होता.

जीपच्या ड्रायव्हरने भोंगा वाजवला. "अरे भाऊ, चलो ना! ग्रीन है!"

उकंडाने बिडी तोंडातून काढली. "हिरवा हाये म्हनून तं थांबलो."

"पागल है क्या? ग्रीन में जाते हैं!"

"तुमच्या नागपुरात जात असन," उकंडा म्हणाला. "मरासाठी."

ड्रायव्हर चिडला. त्याने जीप बाजूला काढली, बंड्यांच्या कडेने पुढे नेली आणि थेट सुटलेल्या सायकलींच्या मधोमध आणून उभी केली. कोणाला काही लागले नाही. दोन सायकली तेवढ्या जीपच्या बॉनेटवर येऊन टेकल्या. पण मागून साऱ्या गाडीवानांनी असा काही गलका केला की बोलता सोय नाही. "ओ जीपवाले! दिसून नाई राह्यलं का? हिरवा हाये, हिरवा!" समितीचे अध्यक्ष खाली उतरले. पांढऱ्या केसांचे, भारदस्त गृहस्थ. त्यांनी चारही बाजूंचे दिवे पाहिले. पाटी वाचली. पुन्हा दिवे पाहिले.

"ओवरसियर साहेब," ते म्हणाले, "हे उलटं आहे."

"उलटं नाई साहेब," मामाजी कोटाची गुंडी लावत म्हणाले, "इकडचं हाये."

मग त्यांनी सारी हकीकत सांगितली. अध्यक्ष आधी गंभीर होते, मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि "पॅशिंजर असन" पाशी ते टपरीच्या फळीला धरून हसले. त्यांनी टपरीत बसून चहा घेतला, दौलतला उठवून स्वतः बटणे दाबली, आणि बंड्या हिरव्यावर थांबल्या की लहान मुलासारखी टाळी वाजवली. जाताना मात्र ते मामाजींना बाजूला घेऊन म्हणाले, "असं राहता येणार नाही. जीप आज थांबली, उद्या थांबणार नाही. रंग नियमाप्रमाणे करा. मी स्वतः लिहीन. इथे लोखंडी खांब उभा राहील, पक्का दिवा लागेल. पाटीवर तुमचं नाव घालायला सांगतो."

मामाजींनी आयुष्यभर मागितले असते ते सारे त्या एका वाक्यात होते. घरी सगळ्यांना आनंद झाला. मी पेढे आणले. रंग पुन्हा पहिल्यासारखे करायला एक पेचकस पुरला असता. मामाजींनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवले आणि आम्ही पुन्हा फाटकाजवळच्या त्या दगडावर जाऊन बसलो. हिरवा दिवा झाला, बंड्या थांबल्या, गाडी गेली.

"जवाईबापू," ते म्हणाले, "मी नियमानं दिवा लावीन, आनं उकंडा शिकन बी. हळूहळू शिकन. मंग एखाद्या दिवशी पहाटे पहाटे डुलकीत बंडी येईन, फाटकवाल्याले बी डोळा लागेल असन, हिरवा दिसन. तो म्हनन, ओवरसियरनं सांगतलं हिरव्यावर जा." त्यांनी रुळांकडे बोट केले. "त्याले फाटकानं जे शिकवलं ते त्याच्या जिवाचं हाये. माह्या दिव्यापायी ते भुलवू का?"

मी उठलो आणि त्यांच्या मागोमाग चौकात गेलो. त्यांनी पेटी स्वतः उतरवली. त्यांनी ती खांद्यावर घेतली आणि मी पाटी घेतली. वाटेत उकंडाची बंडी भेटली. "काऊन जी, काढला?" त्याने विचारले. "जुना झाला होता," मामाजी म्हणाले. उकंडाने आम्हाला दोघांना कापसावर बसवून घेतले आणि क्वार्टरपर्यंत सोडले. कापसावर टेकून मामाजी आभाळाकडे पाहत होते आणि म्हणत होते, "पन्नास वर्षांनंतर हिथून पूल जाईन. वरून गाड्या, खालून रेल्वे. फाटकच नाई राहनार." हे म्हणेपर्यंत त्यांचा आवाज पहिल्यासारखा खणखणीत झाला होता. विद्यापीठ त्या वेळी काही आमच्याकडे आले नाही. मामाजी म्हणाले, रस्ता रुंद हाये, येईन तेव्हा येईन.

निवृत्तीनंतर ते अल्लीपूरला आपल्या शेतीवर गेले. मागच्या दाराने बैल बाहेर जात आणि पुढच्या दाराने आत येत, हे सांगायला नकोच. ती पेटी त्यांनी ओसरीवर टांगली होती. आम्ही सुटीत जात असू. परतीच्या दिवशी पिशव्या भरून, मुलांना बूट घालून आम्ही अंगणात उतरलो की मामाजी हळूच बटण दाबत आणि हिरवा दिवा लागे. गावातले लोक म्हणत, पाहा, ओवरसियर जावयाला कशी झेंडी दाखवतो. सुमनला, मला आणि मामीजींना तेवढे ठाऊक होते, की त्यांचा हिरवा म्हणजे काय. सुमन कधी कधी पिशवी खाली ठेवत असे. मी घड्याळ पाहत असे, एसटीची वेळ पाहत असे, आणि हसून निघत असे. किती वेळा मी तो हिरवा तोडला, याचा हिशेब ठेवला नाही हेच बरे. आम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत मामाजी दिवा तेवढा चालू ठेवत.

गेल्या वर्षी मामाजी गेले. परवा दिवाळीला आम्ही अल्लीपूरला गेलो होतो. निघायच्या दिवशी मी पिशव्या घेऊन अंगणात उतरलो. मागे ओसरीवर खट् असा आवाज झाला. वळून पाहिले तर मामीजी बटणावर बोट ठेवून उभ्या होत्या. खट्, खट्. दिवा लागेना. त्यांनी पेटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"बत्ती गेली, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "पन हिरवा हाये असं समजा."

मी पिशवी खाली ठेवली.